एका अ‍ॅबिलिटीभोवती डेक कसा बांधायचा? गार्डेवॉरचा हिशोब

लोणावळ्यात शिकणारा माझा मावसभाऊ सुट्टीत खंडाळ्याला आमच्याकडे आला की एकच मागणी असते: "दादा, माझ्याकडे भारी कार्डं आहेत, मला डेक बनवून दे." गेम म्हणजे पोकेमॉन टीसीजी पॉकेट, ३० ऑक्टोबर २०२४ ला जगभर आलेला मोबाईलवरचा पत्त्यांचा गेम. घरातल्या मोठ्यांना 'मोबाईलवर पत्ते' म्हटलं की रमीच आठवते, पण इथे पैसे लावून खेळायचं नसतं. आणि ह्या प्रकारच्या गेममध्ये भारताचं नाव आधीच झालेलं आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून खेळवले गेले, तेव्हा भुजच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोन ह्या डिजिटल कार्ड गेममध्ये ब्राँझ मिळवलं होतं.

भारी कार्डं एकत्र कोंबली म्हणजे डेक होत नाही. एक अ‍ॅबिलिटी निवडायची, तिला काय काय लागतं ते वाचायचं आणि बाकीच्या जागा त्याप्रमाणे भरायच्या. हे समजायला गार्डेवॉर हे कार्ड उत्तम आहे, म्हणून ह्या लेखात तेच घेतो.

आधी नियम, थोडक्यात

डेक २० कार्डांचा. एकाच नावाची जास्तीत जास्त २ कार्डं. सुरुवातीला हातात ५ कार्डं येतात आणि त्यात एक तरी बेसिक पोकेमॉन असेल याची काळजी गेम घेतो. समोर लढणारा एक, मागे बेंचवर तीन. दर टर्नला एनर्जी झोनमधून एक एनर्जी मिळते. जो पहिला खेळतो त्याला मात्र पहिल्या टर्नला ती मिळत नाही. साधा पोकेमॉन पाडला की १ पॉइंट, ईएक्स पाडला की २. तीन पॉइंट झाले की सामना संपला.

अ‍ॅबिलिटी नीट वाचा

गार्डेवॉरच्या अ‍ॅबिलिटीचं नाव साय शॅडो. तिचा अर्थ असा: तुमच्या टर्नमध्ये एकदा, एनर्जी झोनमधून एक सायकिक एनर्जी घ्या आणि समोर असलेल्या सायकिक पोकेमॉनला लावा. ही नेहमीच्या एनर्जीव्यतिरिक्त, जादाची.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यानं हे फंक्शनच्या अटींसारखं वाचावं. समोरचा पोकेमॉन सायकिकच हवा. एनर्जी त्यालाच मिळणार, बेंचवरच्या कुणाला नाही. आणि गार्डेवॉर स्वतः मागे बसून हे करू शकतं, त्यानं लढायची गरज नाही.

खंडाळ्यात राहणाऱ्याला हा प्रकार नवा नाही. बोरघाट चढायला गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, ती ढकलत गाडी वर आणतात आणि लोणावळ्याला सुटतात. दर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, पुढचं एकटं इंजिन त्यावर भरलेली गाडी ओढू शकत नाही. गार्डेवॉर म्हणजे बँकर. मग प्रश्न उरतो, गाडी कुठली लावायची?

म्युटूच का?

म्युटू ईएक्सचे दोन हल्ले आहेत. सायकिक स्फिअर: २ एनर्जी, ५० डॅमेज. सायड्राइव्ह: ४ एनर्जी, १५० डॅमेज, पण मारल्यावर स्वतःच्या २ सायकिक एनर्जी टाकून द्यायच्या.

आता गार्डेवॉरशिवाय बघा. सायड्राइव्ह मारला, ४ मधल्या २ उरल्या. पुढच्या टर्नला एक आली, झाल्या ३. म्हणजे फक्त ५० चा हल्ला. त्याच्या पुढच्या टर्नला ४, परत १५०. एकाआड एक १५० आणि ५०, सरासरी १००.

गार्डेवॉर बेंचवर असेल तर? २ उरल्या, झोनची १, साय शॅडोची १, परत ४. दर टर्नला १५०. खर्च दोनचा, भरणा दोनचा, हिशोब बरोबर जुळतो. एका जादा एनर्जीची किंमत दर टर्नला सरासरी ५० डॅमेज इतकी पडते. पहिल्या सेटमधले पिकाचू ईएक्स (१२० एचपी), स्टारमी ईएक्स (१३०), आर्टिकुनो ईएक्स (१४०) आणि समोरचा म्युटू ईएक्ससुद्धा (१५०) एका फटक्यात जातात. चॅरिझार्ड ईएक्स १८० चा, तो उरतो.

दुसरं गार्डेवॉर आलं की गंमत खरी. दोन साय शॅडो मिळून समोरच्या म्युटूच्या दोन एनर्जी भरून काढतात, त्यामुळे झोनची एनर्जी मोकळी होते. ती बेंचवरच्या दुसऱ्या म्युटूला लावत जायची. पहिला पडला तर दुसरा तयार. बेंचवर जागा तीनच, आणि दोन गार्डेवॉर अधिक एक म्युटू म्हणजे बरोबर तीन.

वीस जागा

राल्ट्स २, किर्लिया २, गार्डेवॉर २, म्युटू ईएक्स २. आठ जागा गेल्या. राल्ट्सपासून किर्लिया, किर्लियापासून गार्डेवॉर अशी चढण असल्यामुळे ह्यातलं काही कमी करता येत नाही. पोके बॉल २ आणि प्रोफेसर्स रिसर्च २, हेही जवळजवळ सक्तीचे. उरल्या आठ. तिथे सब्रीना, जिओव्हानी, एक्स स्पीड, पोशन प्रत्येकी दोन अशी पहिल्या सेटमधली रूढ मांडणी आहे.

ह्या आठ जागांमध्ये 'हा पण चांगला आहे' म्हणून आणखी एखादा बेसिक पोकेमॉन घालायचा मोह सगळ्यांना होतो. पोके बॉल डेकमधला कुठलाही एक बेसिक आणून देतो, निवड तुमची नसते. समजा सुरुवातीला हातात एकच बेसिक आला आणि तो म्युटू निघाला. डेकमध्ये उरले तीन बेसिक, त्यात दोन राल्ट्स. म्हणजे पोके बॉलनं राल्ट्स मिळायची शक्यता ६७ टक्के. ह्यात दोन नवे बेसिक घातले की उरतात पाच, राल्ट्स तेच दोन. शक्यता ४० टक्के. नवीन पाहुण्यानं स्वतः काही न करता बँकरला उशीर केला.

दुसऱ्या रंगाचा पोकेमॉन घालणं तर त्याहून वाईट. एनर्जी झोन दोन प्रकारांचा केला की दर टर्नला कुठली एनर्जी येईल ते नशिबावर जातं, आणि वर मांडलेला दोन-दोनचा हिशोब कोसळतो.

गार्डेवॉर वेळेवर येतं का?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण बारावीच्या कॉम्बिनेशनच्या गणितानं सुटतो. पहिल्या टर्नला इव्होल्व्ह करता येत नाही, म्हणून राल्ट्स पहिल्या टर्नला, किर्लिया दुसऱ्या, गार्डेवॉर तिसऱ्या, ह्यापेक्षा लवकर नाही. दुसऱ्यांदा खेळत असाल तर तिसऱ्या टर्नला म्युटूकडे झोनच्या ३ आणि साय शॅडोची १ अशा ४ एनर्जी होतात, म्हणजे सायड्राइव्ह त्याच टर्नला.

तिसऱ्या टर्नपर्यंत ५ अधिक ३ अशी ८ कार्डं बघून होतात. एक रिसर्च खेळला तर १०, दोन्ही खेळले तर १२. ह्या कार्डांत राल्ट्स, किर्लिया, गार्डेवॉर तिन्ही किमान एकेक असण्याची शक्यता: ८ कार्डांत २४ टक्के, १० मध्ये ४१, १२ मध्ये ६०. रिसर्चला सक्तीचं का म्हटलं ते इथे दिसतं. प्रत्येकाची दोनऐवजी एकेकच प्रत ठेवली असती तर १२ कार्डांनंतरही शक्यता १९ टक्केच.

आकडे ढोबळ आहेत. पोके बॉल आणि सुरुवातीच्या बेसिकची हमी त्यांना थोडं वर नेतात, कार्डं योग्य क्रमानं यायला हवीत ही अट खाली खेचते. आणखी एक अडचण म्हणजे एका टर्नमध्ये एकच सपोर्टर खेळता येतो. रिसर्च, सब्रीना आणि जिओव्हानी तिघंही सपोर्टर, म्हणजे ती एकमेकांची जागा खातात. पहिल्या दोन टर्नमध्ये रिसर्चलाच प्राधान्य द्या.

३० एप्रिल २०२५ च्या सेलेस्टियल गार्डियन्स सेटमध्ये रेअर कँडी आली. तिनं बेसिकवरून थेट स्टेज २ वर जाता येतं, म्हणजे किर्लिया वगळून गार्डेवॉर दुसऱ्या टर्नलाच. दोन पोशन काढून दोन कँडी घातल्या आणि किर्लिया तसेच ठेवले, तर मधल्या पायरीसाठी दोनऐवजी चार कार्डं होतात आणि १० कार्डांतली शक्यता ४१ वरून ५४ टक्क्यांवर जाते. माझ्या मते हा ह्या डेकमधला सगळ्यात फायद्याचा बदल आहे.

बँकर पुढे ओढला गेला तर

प्रतिस्पर्धी सब्रीना खेळला की तुमचा समोरचा पोकेमॉन मागे जातो आणि बेंचवरून कोण पुढे येणार ते तुम्ही ठरवता. बेंचवर फक्त गार्डेवॉर असेल तर तेच पुढे येणार. म्युटूचे २ आणि गार्डेवॉरचा १, इतक्यात सामना हातचा जातो. म्हणून बेंचवर दुसरा म्युटू किंवा निदान एखादा राल्ट्स ठेवाच. तरी गार्डेवॉर अडकलंच तर ते स्वतःही सायकिक आहे, समोर असताना साय शॅडोची एनर्जी स्वतःलाच लावून, जोडीला एक्स स्पीड वापरून माघार घेऊ शकतं.

आजची परिस्थिती आणि खर्च

आता हा अव्वल डेक राहिलेला नाही. मार्च २०२५ च्या शायनिंग रेव्हेलरी सेटमध्ये गिराटिना ईएक्स आला. तो बेसिक आहे आणि स्वतःच्या अ‍ॅबिलिटीनं स्वतःलाच सायकिक एनर्जी लावतो. बदल्यात त्याची टर्न तिथेच संपते. २०२३ पासून धावणारी सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, तसा हा प्रकार. सहा कार्डांची चढण वाचते, एक टर्नचा हल्ला जातो. ऑक्टोबर २०२५ पासून आलेले मेगा ईएक्स तर १५० मध्ये बहुधा पडतच नाहीत, त्यांना दोन सायड्राइव्ह लागतात. पण मेगा पडला की थेट ३ पॉइंट, म्हणजे सामनाच. सलग दोन टर्न १५० मारणं ह्या डेकला जमतं.

खर्चाचं म्हणाल तर पैसे घालायची गरज नाही. दर १२ तासांनी एक पॅक फुकट मिळतो आणि प्रत्येक पॅकमागे ५ पॅक पॉइंट. गार्डेवॉर १५० पॉइंटला थेट घेता येतं, म्हणजे ३० पॅक, १५ दिवस. म्युटू ईएक्स ५०० पॉइंट, म्हणजे १०० पॅक, ५० दिवस. पॉइंट त्या-त्या सेटपुरतेच चालतात, त्यामुळे जेनेटिक एपेक्सचेच पॅक उघडा, आणि त्यातही म्युटूचं चित्र असलेले, कारण गार्डेवॉरही त्यातच निघतं.