यमू मेली म्हणून सुटली का?

बसमध्ये असाल, चालायला निघाला असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आज आवाज थोडा वाढवा. मागे अधूनमधून कुकरची शिट्टी ऐकू येईल. आज मी नेहमीच्या खोलीत नाहीये. हुडकेश्वरला आजीच्या घरी, तिच्या पलंगाशेजारी बसून बोलतेय. आजचा विषय तिनेच दिलाय. खरं तर विषय दिला नाही, माझ्याशी भांडली.

झालं असं. गेल्या महिन्यात आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. वाचल्याशिवाय जिला झोप येत नाही अशा बाईला ही शिक्षाच. मग ठरलं की रोज संध्याकाळी मी वाचून दाखवायचं. कपाटातून तिने पुस्तक काढायला लावलं ते हरि नारायण आपट्यांचं, ‘पण लक्षात कोण घेतो?’ तीन आठवडे लागले. शेवटचं पान संपलं तेव्हा माझा आवाज बसला होता, डोळे पुसत होते. आणि आजी काय म्हणाली? “झालं? लवकर सोडवलं बाई यमूला.”

मी चिडलेच. म्हटलं, “आजी, अगं मेली ती!” तर म्हणाली, “तेच तर म्हणून राहिली मी.”

आजीचं हे वाक्य जरा बाजूला ठेवू. आधी दीडशे वर्षं मागे जाऊ. कारण कादंबरीचा शेवट कसा असावा, वाचणाऱ्याचं समाधान व्हावं की नाही, हा प्रश्न मराठी कादंबरीला जन्मापासूनच चिकटलेला आहे. आणि गंमत म्हणजे त्या प्रश्नाच्या दोन टोकांना दोन बाया उभ्या आहेत. दोघींचं नाव एकच. यमुना.

पहिली यमुना १८५७ सालची. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेक वेळा हिचंच नाव घेतलं जातं. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि वाटेत त्यांना विधवा बायकांचे हाल दिसत जातात. मग विनायकच जातो आणि यमुना स्वतः विधवा होते. शेवट मात्र सुखाचा आहे. ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तिला हिंदू राहूनही लग्न करता आलं असतं. पण कायदा कागदावर होता. घरात, गल्लीत, जातीत त्याला विचारतंय कोण? स्वतः ख्रिस्ती झालेल्या पदमनजींनी आपल्या नायिकेला सुटकेची जी वाट दाखवली, ती धर्म सोडून जाणारी होती. आता विचार करा, तेव्हाच्या बहुतेक मराठी वाचकांना हा शेवट कसा पचणार? नायिका सुखी झाली, पण वाचणाऱ्याच्या घरातून निघून गेली.

त्यानंतर आल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या. १८६१ ची ‘मुक्तामाला’, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची. १८६८ ची ‘मंजुघोषा’, नारो सदाशिव रिसबुडांची. यांत संकटांवर संकटं येतात, माणसं हरवतात, दुष्ट लोक कारस्थानं करतात, आणि शेवटी सगळं गोड होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर फुल पैसा वसूल. १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर एक निबंध लिहिला. हो, कादंबरीला तेव्हा नावलही म्हणत. त्यांचा मुद्दा साधारण असा, की आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात गोष्ट रंगावी असं काही घडतच नाही. लग्नं लहानपणीच आईबाप ठरवतात, प्रेम नाही, साहस नाही. मग लेखकाने अद्भुताकडे वळू नये तर काय करावं?

घरात काही घडतच नाही? हे घरातल्या बायकांना विचारलं होतं का कोणी?

एकीने न विचारता सांगितलं. आपल्याच विदर्भातली, बुलढाण्याची. ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं सुरूच राहिलं. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. त्या पुस्तकात त्या फक्त समाजावर बोलत नाहीत, पुरुषांनी लिहिलेल्या गोष्टी आणि नाटकांतल्या बायकांवरही बोलतात. तुम्ही रंगवता तशा बायका असतात तरी कुठे, असा त्यांचा रोख. मला वाटतं, मराठीत एका वाचक बाईने लेखकांना इतकं स्पष्ट ‘हे आम्हाला पटलं नाही’ सांगण्याचं हे फार जुनं उदाहरण असावं.

आता दुसरी यमुना. १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांनी पुण्यात ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून हप्त्याहप्त्याने लोकांपर्यंत गेली. वेब सिरीजचा पुढचा भाग कधी येतोय म्हणून आपण थांबतो ना, तसंच. फरक एवढाच, की इथे ना अद्भुत होतं, ना दूरदेशीचा प्रवास. एक मुलगी आपली गोष्ट स्वतः सांगते. माहेर, भाऊ, मैत्रीण दुर्गी, लहानपणी झालेलं लग्न, सासरचा जाच. मग मुंबईचे सुखाचे दिवस. नवरा रघुनाथराव तिला माणूस म्हणून वागवतो, ती लिहिते, वाचते, चार लोकांत मिसळते. वाचणाऱ्याला वाटायला लागतं, आता सगळं ठीक होईल. आणि रघुनाथराव जातो. सासरी शंकरमामंजींसारखी माणसं टपलेलीच असतात. यमूच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन होतं. त्यानंतर ती फार दिवस जगत नाही.

ज्या घरात काही घडतच नाही असं मराठ्यांना वाटलं होतं, आपट्यांना कादंबरी नेमकी त्याच घरात सापडली.

आता एक मजेशीर योगायोग बघा. ‘पण लक्षात कोण घेतो?’चा काळ १८९० ते १८९३ असा सांगतात. आणि १८९३ च्या डिसेंबरमध्येच तिकडे लंडनच्या एका मासिकात आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला मारून टाकलं. वाचक भडकले, लेखकाला संतापाची पत्रं गेली. शेवटी काही वर्षांनी डॉयलला होम्सला परत आणावंच लागलं. होम्स परत आला, कारण त्याचं मरण फक्त लेखकाच्या हातात होतं. यमूचं तसं नव्हतं. आपट्यांनी तिला वाचवलं असतं तरी शेजारच्या वाड्यातली यमू वाचणार नव्हती. म्हणून पुस्तकाच्या नावातच प्रश्न आहे, आणि तो वाचणाऱ्याला विचारलेला आहे. पुढचं काय ते तुम्ही बघा. इथपर्यंत मला सगळं पटत होतं आणि आजीला मी हेच ऐकवलं. म्हटलं, आजी, हा शेवट समाधान देण्यासाठी नाहीच आहे, तुला टोचण्यासाठी आहे.

आजी शांतपणे म्हणाली, “मला टोचायला पुस्तक कशाला लागते? आमच्या घरी होती नं एक.”

आजीचं माहेर महालातलं, म्हणजे जुन्या नागपुरातलं. तिथल्या वाड्यात तिच्या वडिलांची आत्या राहायची. बाराव्या वर्षी विधवा झालेली. लाल आलवण, डोक्यावर पदर, मागची अंधारी खोली. सगळे तिला सोवळी आत्या म्हणायचे. दर काही दिवसांनी मागच्या दाराने न्हावी यायचा आणि त्या वेळी मुलांना पुढच्या अंगणात पिटाळायचे. आजी एकदा गेली नाही, तुळशीवृंदावनाआडून बघत बसली. “आत्या रडत नव्हती गं,” ती म्हणाली. “न्हाव्याला विचारत होती, तुझ्या पोरीचं बाळंतपण नीट झालं का म्हणून.”

आणि मग: “यमू मेली, सुटली. पुस्तक संपलं, तू रडली, झालं. आमची आत्या त्यानंतर पन्नास वर्षं जगली. रोज सकाळी उठली, वाती वळल्या, भाज्या चिरल्या, सगळ्यांचं केलं. ते कोण लिहिणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला जो शेवट सहन होत नव्हता, तो तिला फार सोपा वाटत होता. दोघीही नाराज, पण अगदी उलट कारणांसाठी.

रात्री मी विचार करत बसले. यमूला जगवून शेवट करता आला असता का? प्रत्यक्षात तसं घडत होतं. ११ मार्च १८९३ ला पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई जोशींशी लग्न केलं. गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. सुखाचा शेवट? नाही, तिथून पुढे सुरुवात. कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तरी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम उभा राहिला, १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. आनंदीबाईंनी पुढे ‘माझे पुराण’ नावाने आत्मचरित्र सांगितलं. म्हणजे एक यमुना जगली, आणि तिने स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगितली. मुंबईत १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, तेही याच काळात. आणि एक गोष्ट विसरू नका. केशवपनाची ही चाल मुख्यतः ब्राह्मण आणि काही वरच्या म्हणवणाऱ्या जातींत होती. बाकी अनेक जातींत पाट लावायची रीत आधीपासून होती. यमूचा शेवट सगळ्या महाराष्ट्राचा नव्हता. त्या घरांचा होता.

पण आश्रमापर्यंत किती जणी पोचल्या? महालातली आत्या नाही पोचली. तिच्यासाठी ना आपट्यांचा शेवट खरा, ना कर्व्यांचा.

दुसऱ्या दिवशी मी आजीला विचारलं, “आत्याचं खरं नाव काय होतं गं?” आजी गप्प झाली. बराच वेळ आठवत होती. घरात तिचा एकही फोटो नाही, फोटोला तिला कोणी बसवलंच नव्हतं. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा तिने एकदम नाव सांगितलं. आणि लगेच म्हणाली, “वहीत लिहून ठेव. पण तुझ्या त्या रेडिओवर नको सांगू. घरातलं घरात राहू दे.”

म्हणून सांगत नाही. लिहून ठेवलंय.

तुमच्या घरात अजून कोणी आजी, पणजी, मोठी काकू असेल, तर या आठवड्यात तिला एकच विचारा. जिला सगळे फक्त ‘आत्या’ किंवा ‘मावशी’ म्हणायचे, तिचं नाव काय होतं? ‘पण लक्षात कोण घेतो?’ नसेल वाचली तर वाचा. आणि शेवट पटला नाही तर खुशाल नाही म्हणा. आजी तर अजून माझ्याशी भांडतेच आहे.

डोळ्याची पट्टी निघाली तिची. आता पुढचं पुस्तक ती स्वतः वाचणार आहे आणि मी ऐकणार आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.