स्मृतीचा सट्टा

गणकयंत्राला माणसासारखीच दोन अंगे असतात. एक विचार करणारे, दुसरे लक्षात ठेवणारे. पहिले कितीही चपळ असले, तरी दुसऱ्याने हवी ती गोष्ट वेळेवर हाती दिली नाही, तर ते हात चोळीत बसते. १९९० च्या सुमारास अमेरिकेत नेमका हाच पेच पडला होता. विचारयंत्रे वर्षागणिक वेगवान होत होती. स्मृतीच्या चिपा मात्र मागे रेंगाळत होत्या.

हा पेच सोडवण्यासाठी मार्क होरोविट्झ आणि माइक फार्मवॉल्ड या दोघा विद्वानांनी १९९० साली कॅलिफोर्नियात ‘रॅम्बस’ नावाची कंपनी काढली. तिचा धंदा मोठा चमत्कारिक होता. तिला कारखाना नव्हता की वखार नव्हती. आपण युक्ती शोधावी, चिपा इतरांनी घडवाव्यात आणि प्रत्येक चिपेमागे आपल्याला स्वामित्वधन मिळावे, असा बेत होता. युक्ती अशी की, स्मृतीपासून विचारयंत्रापर्यंतचा मार्ग अरुंद ठेवायचा, पण त्यावरून माहिती भरधाव सोडायची.

१९९६ साली इंटेल या बलाढ्य कंपनीने ही युक्ती पत्करली. बदल्यात, आपल्या मालापैकी ठरावीक हिस्सा रॅम्बसवर चालू लागला, तर रॅम्बसचे १० लाख शेअर प्रत्येकी १० डॉलरांनी घेण्याचा हक्क तिने मिळवला. पुढच्याच वर्षी, मे १९९७ मध्ये, रॅम्बसचा शेअर १२ डॉलरांना बाजारात आला आणि गुंतवणूकदारांत दोन तट पडले.

एक तट म्हणे, “इंटेल हा या राज्यातला सार्वभौम राजा. राजाने वाट ठरवली की प्रजेने चालायचेच! शिवाय स्वामित्वधन म्हणजे निव्वळ नफा. ना मजुरी, ना कच्चा माल.” दुसरा तट विचारी, “पण चिपा घडवायच्या कोणी? हा माल करायला महाग, तपासायला महाग; वर दर चिपेमागे खंडणी. कारखानदार ती आपखुशीने का देतील?” या कारखानदारांजवळ पर्यायही होता. जुन्या, परिचित स्मृतीलाच एका ठोक्यात दोनदा माहिती द्यायला शिकवणारी ही ‘डीडीआर’ उद्योगाच्या सामाईक समितीत आकारास आली होती.

थोडा हिशेब करून पाहू. रॅम्बसच्या एका मार्गाला तारा १६, आणि प्रत्येकीवरून सेकंदाला ८० कोटी खेपा; म्हणजे १,२८० कोटी. डीडीआरच्या तारा ६४, खेपा २६.६ कोटी; म्हणजे सुमारे १,७०० कोटी. धावणारा घोडा पाहून डोळे दिपले, तरी रुंद रस्त्याने संथ चाललेल्या गाड्या अधिक माल पोचवत होत्या, आणि तोही स्वस्तात.

परंतु बाजाराला हिशेबापेक्षा स्वप्न अधिक प्रिय असते. सप्टेंबर १९९९ मध्ये ऐन वेळी दोष सापडल्याने इंटेलला आपला रॅम्बसवर चालणारा ८२० हा चिपसंच लांबणीवर टाकावा लागला. तरीही मार्च २००० मध्ये रॅम्बसचा शेअर ४०० डॉलरांच्या पलीकडे गेला! बाजारात तुरी, अशातली गत. स्वामित्वधनाचे पीक अजून शेतात होते आणि वाटण्या आधीच झाल्या होत्या. मे महिन्यात ८२० च्या जोडीला जुनी स्मृती चालवणाऱ्या चिपेत दोष निघाला आणि इंटेलला माल परत मागवावा लागला. जूनमध्ये रॅम्बसने एका शेअरचे चार केले. २००१ च्या उन्हाळ्यानंतर हे नवे शेअर १० डॉलरांच्याही खाली आले. जुन्या मापाने पाहिले, तर ४०० चे ४० सुद्धा उरले नाहीत.

मधल्या काळात आशेने दुसरे रूप घेतले होते. डीडीआरसुद्धा आमच्याच पेटंटांवर उभी आहे, असा दावा रॅम्बसने मांडला. २००० च्या जूनमध्ये तोशिबा आणि हिताची यांनी तो मानून करार केले. इन्फिनिऑन मात्र न्यायालयात लढली. समितीत बसून रॅम्बसने आपली पेटंटे लपवली, असे म्हणून २००१ साली व्हर्जिनियातील ज्यूरीने तिला फसवणुकीबद्दल दोषी ठरवले. २००३ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तोवर इंटेलही डीडीआरकडे वळली होती.

कारखानदार तरी धुतल्या तांदळासारखे होते काय? सॅमसंग, हायनिक्स आणि इन्फिनिऑन यांनी आपसांत संगनमत करून स्मृतीचे भाव ठरवल्याचा गुन्हा पुढे अमेरिकेत कबूल केला. एकट्या सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला. मात्र आपल्याला बुडवण्यासाठीही कट झाला, हे रॅम्बसचे म्हणणे २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोतील ज्यूरीने मान्य केले नाही.

रॅम्बस मात्र बुडाली नाही. पुढे तीच कंपनी डीडीआरच्या पाचव्या पिढीच्या पट्ट्यांवर बसणाऱ्या चिपा विकू लागली. ज्या प्रतिस्पर्ध्याने तिला हरवले, त्याच्याच घरी तिने बिऱ्हाड केले. विद्या वाया गेली नाही. गेले ते ४०० डॉलर मोजणाऱ्यांचे पैसे. “कोणाची स्मृती वेगवान?” हाच प्रश्न ते विचारीत राहिले. पैसे कोणाच्या खिशातून यायचे आहेत आणि ते द्यायला तो राजी आहे का, हा दुसरा प्रश्न साधा वाण्याचा होता, म्हणूनच बहुधा कोणाला विचारावासा वाटला नाही. लक्ष्मीपूजनाला वहीच्या पहिल्या पानावर कुंकू लावताना तेवढा तो आठवला, तरी पुष्कळ झाले.