खिंडीतला सेनापती : क्राफ्ट फॉन डेल्मेन्सिंगेन

ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्यात पिढ्या काढलेल्या आपल्या घरांना संस्थानी फौज म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. १९१४ च्या जर्मनीत बव्हेरियाचे तर त्याहून पुढचे होते. स्वतःचा राजा, स्वतःचे युद्धमंत्रालय, स्वतःचा जनरल स्टाफ. युद्ध सुरू झाले की हुकूम मात्र कैसरचा. १९१२ पासून त्या जनरल स्टाफचे प्रमुख होते कॉनराड क्राफ्ट फॉन डेल्मेन्सिंगेन.

युद्ध पेटताच ते युवराज रूप्रेख्ट यांच्या सहाव्या सैन्याचे चीफ ऑफ स्टाफ झाले. नाव युवराजांचे, आखणी यांची. लोरेनमध्ये मागे सरत फ्रेंचांना आत ओढावे, अशी मूळ कल्पना. पण दोघांनाही चढाईची घाई. २० ऑगस्टच्या प्रतिहल्ल्याने फ्रेंच हटले खरे, पण पुढे हेच सैन्य नान्सीसमोर अडकून पडले. आमच्या मते तो विजय महागच पडला.

ऑक्टोबरात हे सैन्य उत्तर फ्रान्समध्ये आले. २८ तारखेला न्यूव्ह शापेल गावावर हिंदी फौज चालून गेली. तीत खडकीच्या मुंबई सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी ही माणसे संगिनी घेऊन गल्लीगल्लीत लढली. गाव घेतले, आणि कुमक न आल्याने जबर हानी सोसून सोडले. समोर होत्या त्या क्राफ्ट यांच्याच सैन्याच्या तुकड्या. पुण्याच्या इतक्या जवळचा हा धागा आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

मे १९१५ मध्ये नव्या आल्पेनकोअरचे नेतृत्व मिळाले आणि नकाशावरचा माणूस डोंगरात उतरला. डोलोमाइट, मग व्हर्दून. सप्टेंबर १९१६ मध्ये ट्रान्सिल्व्हानियात त्यांच्या पलटणी डोंगर ओलांडून रोमानियनांच्या पिछाडीला उतरल्या आणि तांबड्या बुरुजाची खिंड त्यांनी रोखून धरली. घाट अडवण्याचे मोल मराठी वाचकाला वेगळे काय सांगावे!

पुढल्या वर्षी इसोंझोची पाहणी करायला त्यांनाच पाठवले. हल्ला शक्यतेच्या अगदी काठावरचा आहे, असा त्यांचा अभिप्राय. तरीही हल्ला ठरला. चौदाव्या सैन्याचे सेनापती बेलो, चीफ ऑफ स्टाफ हेच. २४ ऑक्टोबर १९१७ ला कापोरेत्तोजवळ इटालियन फळी फुटली, अडीच लाखांहून अधिक सैनिक कैद झाले. त्या मोहिमेतून जगाला नाव ठाऊक झाले ते रोमेलचे, तेव्हा तो एक तरुण अधिकारी.

बव्हेरियाचे स्वतंत्र सैन्य १९१९ मध्ये विसर्जित झाले. क्राफ्ट यांनी फळी कशी फोडावी यावर १९३७ मध्ये ग्रंथ लिहिला आणि १९५३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, बव्हेरियातच डोळे मिटले.