राखीच्या आधीचा इतिहास

इंदूर धर्मप्रांतात 25 फेब्रुवारी हा धन्य सिस्टर राणी मारिया यांचा स्मरणदिन. त्या दिवशी प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू बहुधा तुरुंगातील राखीपासून आरंभ करतो. प्रसंग हृदयस्पर्शी खराच. परंतु त्याआधीचा इतिहास गाळला, तर त्या राखीचा अर्थ अर्धाच हाती लागतो, असे आम्हांला वाटते.

सिस्टरांचा जन्म 29 जानेवारी 1954 रोजी केरळातील पुल्लुवळी येथे झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या व्रतस्थ भगिनी म्हणून 1975 साली त्या उत्तर भारतात आल्या आणि 1992 मध्ये देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे. तेथील आदिवासी शेतकरी सावकारी कर्जात रुतलेले होते. सिस्टरांनी त्यांना संघटित केले, बँकेच्या कर्जाची व सरकारी योजनांची वाट दाखविली. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, हे आपण शिकवितो. त्या शिकवणीची कसोटी सिस्टरांनी सावकाराच्या वहीवर लावली. ज्यांच्या मिळकतीला त्यामुळे धक्का बसला, त्यांनी त्यांच्या हत्येचा कट रचला.

25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये मारेकऱ्याने त्यांना सुऱ्याने भोसकले. वय अवघे 41. बसमध्ये इतर प्रवासी होते. कोणी मध्ये पडले नाही. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. भयापुढे आम्ही तरी काय केले असते? परंतु शेजारी बसणे आणि शेजारी होणे यांतील अंतर त्या दिवशी उघडे पडले. आपल्या मंदिरांतील बाकांवरही ते अंतर आढळते.

ते अंतर पुढे ओलांडले गेले, ते इंदूरच्या तुरुंगात. स्वामी सदानंद या धर्मगुरूंनी मारेकऱ्याची भेट घेऊन त्याला पश्चात्तापाकडे वळविले. 2002 साली सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, यांनी त्याच्या मनगटावर राखी बांधली. आईनेही क्षमा केली. कुटुंबाने रदबदली केली आणि 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथेच राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

मनुष्य निःस्वार्थ आत्मदानाखेरीज स्वतःला पूर्णपणे गवसत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली शिकविले. राणी मारियांचे आत्मदान बसमध्ये सुरू झाले नाही. ते कर्जदारांच्या झोपड्यांतून चालत आले होते. क्षमेने मारेकऱ्याला भाऊ मिळवून दिला, तो त्या कर्जदारांच्या न्यायाची किंमत देऊन नव्हे. ऋणकऱ्याची प्रतिष्ठा विसरून केवळ अपराध्याच्या क्षमेचे गोडवे गाणे, हा त्या साक्षीचा अवमान होय.

म्हणून धर्मशिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे : येत्या स्मरणदिनी मुलांना आधी उदयनगरचे कर्ज सांगावे, मग ती बस, आणि मग राखी. आणि आपल्या धर्मग्रामात आज कोण कोणाच्या कर्जात आहे, याची चौकशी त्याच आठवड्यात करावी.