दोष दुधाचा की बुरशीचा?

रोगाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा औषधांचा इतिहास लिहितो. दोष कोणाच्या पदरी घातला गेला, हा इतिहास मागेच राहतो. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या जिभेवर व गालांच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे थर धरतात, ते पुसून सहज निघत नाहीत, आणि बाळ चोखताना रडू लागते. या विकाराला आज आपण 'थ्रश' म्हणतो. त्याच्या कथेत दोषारोपाचा हा धागा विशेष ठळक दिसतो.

बाळाच्या विकाराचे मूळ आईच्या दुधात शोधण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात स्तन्याचे आठ दोष सांगितले असून, दूध पाजणारीला औषध देऊन ते शुद्ध करण्याचे उपाय दिले आहेत. आई आणि मूल यांना एकच देह मानणारी ही दृष्टी सूक्ष्म आहे. मात्र तिच्यात दुधावर, म्हणजे पर्यायाने बाईवर, संशय घेण्याची सोयही आहे. घरोघरच्या आज्या टाकणखाराची लाही मधात कालवून बाळाच्या जिभेला लावीत, त्यात निदान दूषण तरी नव्हते. आज मात्र टाकणखार विषारी ठरला आहे, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असे सांगितले जाते.

युरोपात हा विकार हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांपासून परिचित होता. पण ते पांढरे पापुद्रे शरीरातूनच स्रवतात, अशी समजूत दीर्घकाळ टिकली. 1839 मध्ये लांगेनबेकला एका ज्वरग्रस्त रुग्णात बुरशी दिसली, परंतु तिचा संबंध त्याने ज्वराशीच जोडला. 1841 मध्ये स्टॉकहोमच्या फ्रेडरिक बर्ग यांनी थ्रशचे कारण बुरशी असल्याचे मांडले, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ग्रूबी यांनीही तेच दाखविले. बर्ग यांनी रुग्ण बाळांच्या तोंडातील पापुद्रे निरोगी अर्भकांना लावून रोग उत्पन्न केला. येथे थांबून विचार करावासा वाटतो. विकार बाहेरून येतो, याचा पुरावा ज्यांना संमती देता येत नव्हती अशा मुखांतून मिळविला गेला. ज्ञानाची ही किंमत इतिहासाच्या तळटीपेत राहू नये, असे आम्हांस वाटते.

पुढे नामकरण झाले. 1923 मध्ये उट्रेख्ट येथील प्रबंधात क्रिस्तीन बेर्खाउट यांनी 'कँडिडा' हे कुल स्थापिले. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे उमेदवार शुभ्र वस्त्र नेसत, त्या शुभ्रतेसाठीच्या लॅटिन शब्दातून हे नाव आले. 'अल्बिकन्स' म्हणजे पांढरी होत जाणारी. एकाच नावात दोनदा पांढरेपणा आला. दुधाच्या रंगाचाच हा आरोपी!

औषधाची कथाही स्त्रियांचीच आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, तर रेचल ब्राउन ऑल्बनीत काम करीत. मातीचे नमुने टपालाने इकडून तिकडे जात. व्हर्जिनियातील एका शेतातील मातीतून त्यांना बुरशीनाशक द्रव्य सापडले. 1950 मध्ये ते जाहीर झाले, आणि राज्याच्या नावावरून त्यास 'निस्टॅटिन' म्हटले गेले. रॉयल्टीचा पैसा दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनास दिला. 1966 च्या पुरानंतर फ्लॉरेन्समधील कलाकृतींवरची बुरशी घालविण्यासही हेच द्रव्य वापरले गेले.

आज आई व बाळ दोघांवर एकाच वेळी उपचार करावेत, स्तनपान थांबवू नये, असा सल्ला दिला जातो. मात्र स्तनाग्रांच्या प्रत्येक वेदनेचे खापर बुरशीवर फोडणे योग्य नाही, बाळाची पकड चुकल्यानेही ती होते, असे आता अनेक तज्ज्ञ बजावतात. एकेकाळी दूध आरोपी होते, मग बुरशी झाली. आरोपी बदलला, तरी साक्ष तीच राहिली: पाजताना दुखते असे सांगणारी बाई. तिचे म्हणणे आधी ऐकावे, एवढाच या इतिहासाचा बोध.