मुंबईतील नागरी वाहतूक नियोजन
मुंबईतील नागरी वाहतूक नियोजन : वाढत्या शहरातील माणसांची व मालाची ने-आण सुरक्षित, स्वस्त आणि नियमित व्हावी, म्हणून रस्ते, लोहमार्ग, पूल, पदपथ व सार्वजनिक वाहने यांची जमिनीच्या वापराशी मेळ घालून केलेली आखणी, म्हणजे नागरी वाहतूक नियोजन होय. मुंबईच्या बाबतीत हा विषय शहराच्या घडणीशीच निगडित आहे. कारण सात बेटे जोडून तयार झालेल्या या अरुंद, दक्षिणोत्तर लांबट भूमीवर वस्ती कोठे होणार, हे मुख्यतः दळणवळणाच्या मार्गांनी ठरविले. या नियोजनाच्या इतिहासात दोन दृष्टी आढळतात. एक दृष्टी माणसांच्या हालचालीचा विचार करते, तर दुसरी वाहनांच्या. या दोहोंतील ओढाताण सुमारे दीडशे वर्षांच्या कालखंडात निरनिराळ्या रूपांत व्यक्त झालेली दिसते.

बेटांची जोडणी व लोहमार्ग : अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी-वरळी दरम्यानचा हॉर्नबी बांध पूर्ण झाल्याने मधल्या खोलगट भागात समुद्राचे पाणी शिरणे थांबले. त्यानंतर शीव, कुलाबा (१८३८) व माहीम (१८४५) येथील बांधरस्त्यांनी बेटे परस्परांशी व साष्टीशी जोडली गेली. माहीमच्या रस्त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी मोठी देणगी दिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किमी. अंतरावर देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. या उपक्रमाच्या प्रारंभीच्या पुरस्कर्त्यांमध्ये जगन्नाथ शंकरशेट यांचा समावेश होतो. १८६७ मध्ये पश्चिम किनाऱ्यालगत विरार ते बॅक बे अशी गाडी सुरू झाली. हे लोहमार्ग प्रामुख्याने कापूस व इतर माल बंदरापर्यंत आणण्यासाठी टाकले गेले होते. तथापि पुढील पन्नास वर्षांत ते कामकरी व नोकरदार वर्गाच्या दैनंदिन प्रवासाचा कणा बनले. फेब्रुवारी १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस (सांप्रत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला या मार्गावर विजेवर चालणारी देशातील पहिली गाडी सुरू झाली आणि १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गाचेही विद्युतीकरण झाले. त्यामुळे दादर, कुर्ला, पार्ले, अंधेरी यांसारख्या ठिकाणी राहून फोर्टमध्ये नोकरी करणे मध्यम वर्गाला शक्य झाले.

ट्राम व बस : फोर्टची तटबंदी १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत पाडण्यात आली व रुंद रस्त्यांना जागा मिळाली. ९ मे १८७४ रोजी कुलाबा-पायधुणी आणि बोरीबंदर-पायधुणी या मार्गांवर घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. कुलाबा ते पायधुणी हे भाडे प्रथम तीन आणे होते. काही महिन्यांतच ते दोन आणे करण्यात आले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली, तर १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस धावली. दुमजली बस १९३७ मध्ये आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ही सर्व सेवा नगरपालिकेने आपल्या ताब्यात घेतली व ‘बेस्ट’ हा सार्वजनिक उपक्रम अस्तित्वात आला. वीजपुरवठा व प्रवासी वाहतूक ही दोन्ही कामे एकाच संस्थेकडे असल्याने वाहतुकीतील तूट विजेच्या उत्पन्नातून भरून काढण्याची प्रथा दीर्घकाळ चालू राहिली. मोटारींना ट्रामचा अडथळा होतो, या युक्तिवादाने ट्रामचे मार्ग क्रमाक्रमाने बंद करण्यात आले आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर-दादर ही शेवटची ट्राम धावली. स्वस्त व मोठ्या क्षमतेच्या वाहनाने रस्त्यावरील जागा सोडली, ती प्रामुख्याने खाजगी वाहनांनी घेतली.

प्लेग व सुधार न्यास : १८९६ च्या प्लेगने मुंबईतील दाट वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधार न्यास स्थापन झाला. समुद्रावरील हवा वस्तीत खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढण्यात आले; महंमद अली रस्ता हेही याच न्यासाचे काम होय. मात्र पाडलेल्या चाळींतील रहिवाशांना त्या प्रमाणात पर्यायी घरे मिळाली नाहीत व शेजारच्या वस्त्यांतील गर्दी वाढली. रस्ता रुंद झाला की वस्ती सुधारते, या समजुतीची मर्यादा येथे प्रथम दिसून आली. उलट, न्यासाने दादर-माटुंगा भागात केलेली आखणी अधिक यशस्वी ठरली. वृक्षांच्या रांगा, रुंद पदपथ, मधोमध उद्याने व चालत जाता येईल इतक्या अंतरावर रेल्वे स्थानक, ही हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी या वसाहतींची वैशिष्ट्ये आजही टिकून आहेत. १९३३ मध्ये हा न्यास नगरपालिकेत विलीन झाला.

मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचना कायदा झाला. त्याच सुमारास भारतात आलेले स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस हे १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक होते. जुन्या वस्तीतून सरसकट रुंद रस्ता काढण्यापेक्षा आधी तिची पाहणी करावी, मोडकळीस आलेली मोजकीच घरे काढून गल्ल्या व चौक मोकळे करावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या विचारांचा आदर झाला. परंतु मुंबईच्या प्रत्यक्ष नियोजनावर त्यांचा प्रभाव अल्पच राहिला.

स्वातंत्र्योत्तर योजना : १९४८ मध्ये अभियंते मोडक व अमेरिकन नगररचनाकार ॲल्बर्ट मायर यांनी बृहन्मुंबईच्या बृहत् आराखड्याची रूपरेषा सादर केली. शहरातील गर्दी उपनगरांत व उपग्रह-नगरांत विभागावी, असे तीत सुचविले होते. १९५० व १९५७ मध्ये नगरपालिकेच्या हद्दीचा विस्तार झाला. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५९ मध्ये ठाणे खाडीवर पूल बांधून मुख्य भूमीवर वस्ती वाढविण्याची शिफारस केली. १९६३ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने वाहतुकीचा अहवाल दिला. त्यात बेटाच्या कडेने जाणाऱ्या द्रुतगती मुक्तमार्गांचा पुरस्कार करण्यात आला होता. मोटार हे भावी काळातील प्रमुख वाहन असेल, हे या अहवालामागील गृहीत होते. नंतरच्या दशकांत बांधलेल्या अनेक सागरी व उन्नत मार्गांची मूळ कल्पना या अहवालात आढळते.

याच सुमारास, १९६५ मध्ये, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जोडशहर वसविण्याची कल्पना मांडली. दक्षिण टोकाकडे एकवटलेले रोजगारच विभागले, तर प्रवासाचे अंतर मुळातच कमी होईल, हा त्यांचा युक्तिवाद होता. धनंजयराव गाडगीळ समितीनेही विकेंद्रीकरणावर भर दिला. त्यानुसार १९७० मध्ये सिडको या महामंडळाची स्थापना झाली व १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील रस्त्याचा पूल खुला झाला. परंतु नव्या शहरास लोहमार्ग मिळण्यास १९९२ साल उजाडले. मानखुर्द-वाशी मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने व ३३ टक्के भार रेल्वेने उचलला. मधल्या दोन दशकांत शासकीय कार्यालये दक्षिण मुंबईतच राहिली, नरीमन पॉइंट येथे भरणी करून नवी कार्यालये उभी राहिली आणि जोडशहराच्या मूळ कल्पनेला बाध आला. वस्ती आधी व वाहतूक नंतर, हा क्रम किती महाग पडतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

उड्डाणपूल व पुनर्वसन : १९९० नंतरच्या दशकात राज्य शासनाने पन्नासहून अधिक उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला. सुधार न्यासाने हवेसाठी मोकळ्या केलेल्या महंमद अली रस्त्यावरूनच सुमारे अडीच किमी. लांबीचा पूल नेण्यात आला. खालच्या मजल्यांवरील घरांना त्यामुळे उजेड व हवा कमी आणि वाहनांचा आवाज अधिक मिळू लागला. ३० जून २००९ रोजी खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू पादचारी, दुचाकी व तीनचाकी वाहनांना बंद आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या सुमारे २१.८ किमी. लांबीच्या शिवडी-न्हावाशेवा (अटल) सेतूवरही दुचाकी व रिक्षा यांना मज्जाव आहे.

जागतिक बँकेच्या साहाय्याने २००२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात लोहमार्गांची क्षमता वाढविण्यावर भर होता. त्यासाठी रुळांलगतच्या सुमारे २०,००० कुटुंबांचे स्थलांतर करावे लागले. राष्ट्रीय झोपडीवासी महासंघ, महिला मिलन व स्पार्क या संस्थांच्या मदतीने रहिवाशांनी स्वतःच आपल्या झोपड्यांची मोजणी केली, ही या कामातील उल्लेखनीय बाब होय. तथापि नव्या वसाहती रोजगारापासून दूर पडल्या व रस्ताबाधित दुकानदारांच्या तक्रारी वाढल्या. चौकशीनंतर २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन यांवरील निधी काही महिने रोखून धरला होता.

पादचारी व प्रवासी : मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ मधील सर्वंकष वाहतूक अभ्यासानुसार निम्म्याहून अधिक फेऱ्या केवळ पायी होतात आणि वाहनाने होणाऱ्या फेऱ्यांपैकी सुमारे निम्म्या उपनगरी रेल्वेने होतात. रेल्वेची किंवा बसची फेरीदेखील पायीच सुरू होते व पायीच संपते. असे असूनही पदपथांना नियोजनात दुय्यम स्थान मिळाले. पदपथ हे केवळ चालण्याचे ठिकाण नाही. फेरीवाल्यांची उपजीविका व बेघरांचा निवाराही तेथेच असतो. १९८५ मध्ये पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले, मात्र पूर्वसूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा नगरपालिकेचा अधिकारही कायम ठेवला. फेरीवाल्यांसाठी केंद्रीय कायदा २०१४ मध्ये झाला. २००८ पासून स्थानकांबाहेर तीसहून अधिक उन्नत पादचारी मार्ग बांधण्यात आले. त्यांपैकी काहींचा चांगला उपयोग झाला. परंतु जिने चढून वर जावे लागत असल्याने वृद्ध, अपंग व ओझे वाहणारे यांची त्यांमुळे सोय झाली नाही. शिवाय रस्त्याच्या पातळीवरील जागा वाहनांसाठीच राखली गेली.

उपनगरी गाड्यांतील गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ प्रवासी उभे असतात. रेल्वे सुरक्षेविषयी अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडतात व त्यांतील सुमारे ६,००० मुंबईच्या उपनगरी क्षेत्रातील असतात, असे नमूद केले आहे. पुरेसे पूल व कुंपणे नसणे, हे यामागील एक प्रमुख कारण होय. परळ-प्रभादेवी भागातील गिरण्यांच्या जागेवर १९९१ नंतर कार्यालये व दुकानसंकुले उभी राहिली. स्थानके मात्र गिरण्यांच्या काळातीलच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेथील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी देणारी यंत्रणा एक आणि पूल बांधणारी यंत्रणा दुसरी, अशी विभागणी असल्यास प्रवाशांच्या वाढीची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

सद्यःस्थिती : केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीस प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. मुंबईत ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर हा ११.४ किमी. लांबीचा मेट्रो मार्ग सुरू झाला आणि पूर्व-पश्चिम जोडणीची जुनी उणीव काही अंशी भरून निघाली. आरे ते कफ परेड हा ३३.५ किमी. लांबीचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णतः खुला झाला. मात्र याच काळात ‘बेस्ट’च्या बसगाड्यांची संख्या ४,००० हून अधिक होती, ती ३,००० च्या खाली आली. २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणलेले किमान भाडे मे २०२५ मध्ये दहा रुपये झाले. मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंतचे अंतर बसनेच किंवा पायी जावे लागत असल्याने बससेवेतील घट ही मेट्रोच्या उपयुक्ततेलाही मर्यादा घालते.

दादर-माटुंग्याची आखणी, १९२५ नंतरची विजेची गाडी व सार्वजनिक बससेवा या मुंबईच्या यशस्वी ठरलेल्या योजनांत घर, स्थानक आणि पदपथ यांचा एकत्रित विचार झालेला होता. जेथे केवळ वाहनांचा वेग वाढविण्याचा उद्देश होता, तेथे गर्दी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकली. रस्त्याची रुंदी व पुलांची लांबी यांपेक्षा सर्वांत कमी साधने असलेला प्रवासी कामावर किती वेळात, किती खर्चात व किती सुरक्षितपणे पोहोचतो, हा या शहराच्या वाहतूक नियोजनाचा अधिक विश्वसनीय निकष ठरतो.