ऐकू येत नाही, आणि सहनही होत नाही

महाडहून रायगडावर गेलेल्या अनेकांनी एक प्रयोग केलेला असतो. एकाने नगारखान्यापाशी हळू बोलायचं, दुसऱ्याने सुमारे २०० फुटांवर, सिंहासनाच्या जागी, कान द्यायचा. ऐकू येतं. पण वयामुळे किंवा कारखान्यातल्या गोंगाटामुळे ज्याचा आतला कान झिजलाय, त्याला ते हळू बोलणं कळणार नाही. गंमत पुढे आहे. तोच माणूस खाली महाडात विरेश्वराच्या छबिन्याला ढोलाजवळ उभा राहिला, तर ढोल त्याला जवळपास आपल्याइतकाच मोठा वाटतो.

पोलादपूरकडच्या कुठल्याही घरात हे दिसतं. आजोबांना दोनदा हाक मारली, 'ओ' नाही. आवाज चढवला, तर म्हणतात, "ओरडतोस कशाला?" मग आपण म्हणतो, यांना सोयीचं तेवढं ऐकू येतं. हा आरोप आपण मागे घ्यायला हवा, तो का हे इतिहासच सांगतो.

बहिरेपणा म्हणजे सगळेच आवाज सारखे कमी होणं, अशी आपली साधी समजूत. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कचे कानाचे डॉक्टर एडमंड फाउलर यांनी एकच कान बिघडलेल्या रुग्णांना दोन्ही कानांत आळीपाळीने सूर ऐकवला. हलक्या सुरात दोन कानांमध्ये मोठा फरक पडे. सूर वाढवत नेला की काही रुग्णांत हा फरक मिटत जाई. याला त्यांनी 'रिक्रूटमेंट' म्हटलं.

कारण पुढे उलगडलं. आतल्या कानात साधारण १२,००० बाह्य केशपेशी असतात. हलका आवाज वाढवून देणं हे त्यांचं काम. मोठ्या आवाजाला त्यांची फारशी गरज पडत नाही. १९७८ मध्ये लंडनला डेव्हिड केम्प यांनी कानातून बाहेर येणारा सूक्ष्म आवाज नोंदला, आणि कान स्वतःही काम करतो हे दिसलं. या पेशी मेल्या की 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांतली जागाच आक्रसते.

सगळंच सारखं वाढवणारं यंत्र म्हणूनच कपाटात पडून राहतं. आजची चांगली यंत्रं हलका आवाज जास्त वाढवतात, मोठा कमी. तीही तपासून, जुळवून घ्यावी लागतात.

तोवर आपल्या हातात काय आहे? ओरडायचं नाही. जवळ जायचं, समोर बसायचं, आणि सावकाश, स्पष्ट बोलायचं. आजोबा सोंग करत नव्हते.